सरकारच्या खात्यावर दवाखान्यांची उधारी

कापड बाजारात रोखीचा व्यवहार थोडा आणि उधारीचा जास्त, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. माल रवाना झाला की बिलावर मुदत पडते, मध्ये दलाल असतो, मुदत टळली की तगादा सुरू होतो. वेळेआधी पैसे देणाऱ्याला वटाव मिळतो. लांबवणाऱ्याला पुढच्या सौद्यात भाव चढा लागतो. म्हणजे उशिराची किंमत बाजार कुठे ना कुठे वसूल करतोच. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या गावोगावचे दवाखानेही असेच उधारीवर चालू लागले आहेत, आणि तेथे उधारी करणारे गिऱ्हाईक खुद्द सरकार आहे. या गिऱ्हाइकाकडे तगादा कोणी लावायचा आणि त्याच्या उशिराची किंमत शेवटी कोण भरतो, याचा विचार व्यापारी वर्गानेही करावा म्हणून हा लेख.

योजना कोणत्या, ते आधी थोडक्यात. २००८ साली केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ३० हजारांपर्यंतचे उपचार, असे तिचे स्मार्ट कार्ड होते. महाराष्ट्रात जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये ती सर्व राज्यात गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली, कुटुंबामागे पाच लाखांची. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात या दोन योजना एकत्र राबवल्या जाऊ लागल्या. २०२३ मध्ये राज्य सरकारने फुले योजनेची मर्यादाही दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा आणि सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना तिच्यात घेण्याचा निर्णय केला. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मानचे कार्ड मिळू लागले.

या योजनांनी आपल्या लोकांचे भले केले आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने सांगतो. मागावर बारा तास उभा राहणारा कारागीर, कांड्या भरणारी बाई, रंगारी, बेकरीतला भट्टीवाला, हातगाडीवर केळी विकणारा, या माणसांच्या घरी हृदयाचे ऑपरेशन निघाले म्हणजे पूर्वी एक तर घर गहाण, नाही तर मशिदीबाहेर झोळी. आज तोच माणूस रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यात जातो, आरोग्यमित्राच्या टेबलावर नोंद करतो आणि बरा होऊन घरी येतो. डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून दोन-तीन वेळा जातो आणि पैसे न देता परततो. ही लहान गोष्ट नाही.

परंतु रुग्ण पैसे न देता परतला म्हणजे उपचार फुकट झाला असे नव्हे. औषध, सुई, टाका, ऑक्सिजन, नर्सचा पगार, विजेचे बिल, भूल देणाऱ्या डॉक्टरची फी, हे सगळे दवाखान्याने आधी खिशातून भरलेले असते. त्याचे बिल तो योजनेकडे पाठवतो. त्या बिलाला तेथे 'क्लेम' म्हणतात, आपण दावा म्हणू. आणि खरी गोष्ट इथून पुढे आहे.

दाव्याचा प्रवास

दाव्याची वाट पाहिली तर आपल्या धंद्यातल्या माणसाला ती फारशी परकी वाटणार नाही. रुग्ण दाखल झाला की दवाखाना कागद संगणकावर चढवून पूर्वमंजुरी मागतो. मंजुरी आली की ठरलेल्या पॅकेजच्या दराने उपचार होतात. जास्त खर्च आला तर तो दवाखान्याचा. रुग्ण घरी गेला की डिस्चार्जचा कागद, ऑपरेशनची टिपणे, आधीचे व नंतरचे एक्स-रे, फोटो, असे सगळे पुरावे लावून दावा पाठवायचा. तो आधी कागद तपासणाऱ्याकडे जातो, मग डॉक्टर तपासनिसाकडे, मग हिशेबवाल्याकडे, आणि शेवटी पैसे टीडीएस कापून दवाखान्याच्या खात्यात यायचे.

केंद्राच्या योजनेचा नियम असा की राज्यातल्या राज्यात झालेल्या उपचारांचा दावा, तो पाठवल्यापासून १५ दिवसांत चुकता व्हावा. दुसऱ्या राज्याचा रुग्ण असेल तर ३० दिवसांत. जेथे विमा कंपनी मध्ये आहे तेथे नमुना करारात असेही लिहिले आहे की मुदत टळल्यास दर आठवड्याला दाव्याच्या एक टक्का रक्कम कंपनीने दवाखान्याला जादा द्यावी. कागदावर हे इतके चांगले आहे की आपल्या बाजारात कोणाला दाखवले तर तो म्हणेल, असे गिऱ्हाईक आम्हालाही मिळवून द्या.

प्रत्यक्षात गाठ दोन ठिकाणी पडते. पहिली गाठ 'क्वेरी'ची. चौदाव्या दिवशी शंका निघते की एक्स-रे अस्पष्ट आहे. दवाखाना नवा एक्स-रे चढवतो. मग शंका निघते की टिपणावर वेळ लिहिलेली नाही. ती लिहून दिली की तिसरी शंका. प्रत्येक शंकेबरोबर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. आपल्याकडेही काही व्यापारी असे करतात. माल उतरवून महिना झाला की फोल्डिंग कमी आहे म्हणतात, त्यानंतर महिन्याने डागाचे ताके आठवतात. बाजारात अशा माणसाची कीर्ती दलाल लोक चार दिवसांत पसरवतात. सरकारी योजनेत शंका काढणाऱ्याचे नावही दवाखान्याला कळत नाही, संगणकावर नुसता एक हुद्दा दिसतो.

दुसरी गाठ तिजोरीची, आणि ती जास्त घट्ट. आयुष्मानचा खर्च बहुतेक राज्यांत केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असा वाटून घेतात. ईशान्येकडील व हिमालयातल्या राज्यांत ९० आणि १०. दावा मंजूर झाला, सगळ्यांच्या सह्या झाल्या, तरी खात्यात रक्कमच नसेल तर मंजुरीचा कागद घेऊन काय करायचे? एका बाजूचा हप्ता आला नाही की दुसऱ्या बाजूचाही अडतो. भागीदारीच्या पेढीत दोन भाऊ एकमेकांकडे बोट दाखवू लागले की माल देणाऱ्याचे काय होते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

आणि येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. अनेक राज्यांनी विमा कंपनी काढून टाकून योजना आपल्याच संस्थेमार्फत, म्हणजे ट्रस्ट पद्धतीने, चालवायला घेतली. महाराष्ट्रात २०२० मध्ये मिश्र पद्धत आली, दीड लाखापर्यंत विमा कंपनी आणि त्यापुढे सरकारची हमी. ट्रस्ट पद्धतीत कंपनीचा नफा वाचतो, हे खरे. पण मग उशिराचा दंड कोणावर बसवणार? ज्याने दंड करायचा तोच देणेकरी. हीच या सगळ्या प्रश्नाची मुळी आहे असे आम्हाला वाटते. कागद कमी असतात, कर्मचारी कमी असतात, संगणक अडतो, ही कारणे आहेतच. परंतु ज्या उशिराचा भुर्दंड उशीर करणाऱ्याला सोसावा लागत नाही, तो उशीर आपणहून कमी होत नाही.

वीस खाटांचा हिशेब

आता आकडे मांडून पाहू. वीस खाटांचा एक दवाखाना धरा, महिन्याला आठ लाखांचे काम योजनेतून करणारा. पैसे १५ दिवसांत आले तर त्याचे चार लाख अडकून राहतात. एवढे कोणताही धंदा सोसतो. तेच पैसे चार महिन्यांनी येऊ लागले तर ३२ लाख अडकतात. म्हणजे २८ लाखांचे जास्तीचे भांडवल केवळ वाट पाहण्यासाठी लागले. बँकेच्या कॅश क्रेडिटचा दर ११ टक्के धरला तर वर्षाचे ३ लाख ८ हजार व्याज झाले, म्हणजे ९६ लाखांच्या वर्षाच्या कामावर ३ टक्क्यांहून जास्त. पॅकेजचे दर आधीच कमी आहेत अशी डॉक्टर मंडळींची तक्रार. त्यातून हे तीन टक्के गेले. शिवाय औषधाच्या ठोक व्यापाऱ्याकडून रोखीने घेतल्यावर जी सूट मिळते ती गेली, ती वेगळी.

मोठ्या शहरातल्या कॉर्पोरेट रुग्णालयाला हे सोसते. त्याच्याकडे रोख देणारे रुग्ण असतात, खाजगी विम्याचे असतात. योजनेचे काम त्याच्या धंद्याचा एक कोपरा. यंत्रमागाच्या गावात मात्र गोष्ट उलटी आहे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सोलापूर अशा ठिकाणी दवाखान्यात येणारा माणूस मजूर किंवा छोटा मालक. जो डॉक्टर अशा वस्तीत बसला आहे त्याच्या दहा रुग्णांपैकी बरेच जण कार्ड घेऊनच येणार. म्हणजे ज्याने गरिबांची जास्त सेवा केली त्याचेच जास्त पैसे अडकतात. हा उलटा न्याय आहे.

त्यातही आपल्या समाजातले काही डॉक्टर आणि दवाखाने चालवणारे ट्रस्ट व्याजाच्या कर्जाला हात लावत नाहीत. वर जे ११ टक्क्यांचे गणित केले ते त्यांना लागू नाही, पण म्हणून त्यांचे ओझे हलके होत नाही, उलट वाढते. दुसरा माणूस बँकेकडून ओव्हरड्राफ्ट काढून पगार करतो, हा माणूस पगार लांबवतो, नाही तर भावाकडून, सासऱ्याकडून हातउसने घेतो, नाही तर नवे मशीन घेण्याचा बेत सोडून देतो. वेळेवर पैसे मिळणे हीच त्याची एकमेव सोय आहे.

आणि साखळी तेथे थांबत नाही. दवाखान्याला लागणारे बेडशीट, उशांचे अभ्रे, रुग्णांचे गाऊन, ऑपरेशन थिएटरचे हिरवे कापड हे आपल्याच धंद्यातून जाते. आमच्या दुकानातून असा माल नेणाऱ्या एका नर्सिंग होमचे बिल सात महिने थांबले होते. तगाद्याला गेलो तर तरुण डॉक्टरांनी आम्हाला चहा पाजला आणि संगणक फिरवून आमच्यासमोर धरला. "चाचा, हे बघा, मंजूर झालेले दावे. तुमचा एक एक रुपया यात आहे. योजनेचे आले की आधी तुमचे देतो." मंजूर दाव्यांची ती यादी खरोखर लांबलचक होती. आम्ही काय बोलणार? आमच्यासारखेच औषधवाले, ऑक्सिजनवाले, कँटीनवाले, धोबी तेथे येऊन गेले असणार. सरकारची उधारी अशी हाताहातांतून खाली येते आणि शेवटी ज्याच्याकडून ताका घेतला त्या मागवाल्याला आम्ही "थोडे थांबा भाई" म्हणतो.

ज्याची थांबण्याची ताकद संपते तो दवाखाना तीन गोष्टी करतो. कार्डवाल्या रुग्णाला "खाट खाली नाही" म्हणतो. किंवा "कागद होईपर्यंत अनामत भरा" म्हणतो, जे नियमाने चुकीचे आहे. किंवा योजनेतून नाव काढून घेतो. तिन्हीत मरण कार्डवाल्याचे.

पंजाब, हरियाणा आणि परदेश

हे आम्ही कल्पनेने लिहीत नाही. पंजाबात २०२१ च्या अखेरीस विमा कंपनीशी असलेला करार संपवला गेला आणि थकबाकी वाढत गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये चंदीगडच्या पीजीआय या केंद्र सरकारच्याच नामांकित संस्थेने सुमारे १६ कोटींच्या थकबाकीपायी पंजाबच्या आयुष्मान रुग्णांना योजनेखाली घेणे थांबवले. विचार करा, सरकारी रुग्णालय सरकारी योजनेला उधार देईना. सप्टेंबर २०२४ मध्ये पंजाबातल्या खाजगी रुग्णालयांच्या संघटनेने पुन्हा काम थांबवले; त्यांच्या म्हणण्याप्रमाणे येणे ६०० कोटींचे, सरकारच्या म्हणण्याप्रमाणे त्याहून पुष्कळ कमी. देणे किती यावरच एकमत नाही, म्हणजे खातेवही जुळवलेलीच नाही. हरियाणात ७ ऑगस्ट २०२५ पासून इंडियन मेडिकल असोसिएशनच्या राज्य शाखेने आयुष्मानचे काम बंद ठेवले. सुमारे ६५० खाजगी रुग्णालये आणि ५०० कोटींच्या आसपास येणे, असा त्यांचा दावा होता. बोलणी होऊन काम सुरू व्हायला जवळजवळ तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत ज्यांच्या ऑपरेशनची तारीख होती, त्यांनी काय केले असेल?

घाना या आफ्रिकेतल्या देशाची हकीकत फार बोलकी आहे. त्यांनी २००३ मध्ये राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा केला आणि त्यासाठी विक्रीकराबरोबर अडीच टक्क्यांचा वेगळा कर बसवला. पैसा वेगळा, नाव ठरलेले. तरी दवाखान्यांना महिनोन्महिने वाट पाहावी लागे, कारण कर आधी सरकारच्या सामायिक तिजोरीत जमा होई आणि विमा संस्थेकडे उशिरा जाई. २०१७ मध्ये तर अशा राखीव निधींवर कायद्याने मर्यादाच घातली गेली, आणि जमलेल्या रकमेचा एक भाग दुसऱ्या कामांकडे वळला. ती मर्यादा उठवण्याचा निर्णय २०२५ च्या अर्थसंकल्पात झाला. म्हणजे नुसता वेगळा गल्ला ठेवून भागत नाही, गल्ल्याची चावी कोणाकडे हे पाहावे लागते.

अमेरिकेत वृद्धांसाठी १९६५ पासून मेडिकेअर नावाची सरकारी योजना आहे. तेथे एक शब्द कायद्यात बसवला आहे, 'स्वच्छ दावा'. ज्या दाव्यात कसली उणीव नाही, ज्यासाठी आणखी कागद मागण्याची गरज नाही, तो स्वच्छ. असा दावा ३० दिवसांत चुकता झाला नाही तर एकतिसाव्या दिवसापासून व्याज आपोआप लागते; दवाखान्याने अर्ज करायचा नाही, कोणाच्या दारात उभे राहायचे नाही. अमेरिकेच्या आरोग्य व्यवस्थेत इतर भानगडी पुष्कळ आहेत, तिचे गुणगान आम्हाला करायचे नाही. पण बेदाग मालाचे बिल वेगळे काढून आधी चुकते करावे, ही अक्कल घेण्यासारखी आहे.

आपल्या देशात अशी सुरुवात झालेलीच नाही, असेही नाही. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने 'ग्रीन चॅनेल' नावाची पद्धत आखली. ज्या रुग्णालयाचा इतिहास चांगला त्याला दावा पाठवताच निम्मी रक्कम द्यायची आणि बाकीची तपासणीनंतर. हे तर आपले बाजाराचे शहाणपण झाले. जुन्या खात्रीच्या पार्टीबरोबर आपणही असेच वागतो. ही पद्धत मोठ्या रुग्णालयांपुरती न ठेवता वीस-तीस खाटांच्या दवाखान्यांपर्यंत आणावी, अशी आमची मागणी आहे. आणि शंका काढायच्या तर सगळ्या एकदाच, ठरलेल्या दिवसांत काढाव्यात. त्यानंतर निघालेली शंका पैसे थांबवू शकणार नाही असा नियम असावा. दहा हजारांच्या वस्तूवर वाद असेल तर ते दहा हजार थांबवा, उरलेले नव्वद हजार द्या.

कायदा आपल्यालाच का?

आमच्या वाचकांना २०२४ चा फेब्रुवारी-मार्च आठवत असेल. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यात आधीपासून होतेच की लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावेत, नाही तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे. पण कोण पाळत होते? २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात ४३ ब (ह) हे पोटकलम आणले आणि मुदतीबाहेर राहिलेली रक्कम त्या वर्षी खर्चात धरता येणार नाही असे ठरवले, तेव्हा सुरतेपासून इचलकरंजीपर्यंत खळबळ उडाली. कोणी माल परत केला, कोणी लहान कारखानदाराकडून खरेदीच थांबवली. ते कलम योग्य की अयोग्य यावर आपल्या पेठेत आजही दोन मते आहेत, आणि नुसत्या व्यापाऱ्याला त्याचा आधार नाही हे दुखणे वेगळेच. मुद्दा असा की उशिराला किंमत लागली आणि लोकांची झोप उडाली.

आता सरकारने हेच माप स्वतःला लावून घ्यावे. वीस खाटांचा दवाखाना हाही लहान सेवा उद्योगच आहे. व्यापाऱ्याला ४५ दिवस आणि सरकारी योजनेला मर्जी असेल तितके, हा कोणता हिशेब? करारातल्या कलमावर न थांबता कायद्यात लिहावे की दाव्याचे दिवस पाठवल्याच्या तारखेपासून मोजले जातील, राज्याचा हिस्सा तिमाही सुरू होण्याआधी वेगळ्या खात्यात जमा होईल, आणि उशिराची भरपाई ट्रस्ट पद्धतीतही तितकीच लागेल. भरपाई व्याज म्हणून घ्यायची की नाही, हा ज्याच्या त्याच्या दीनचा प्रश्न. कित्येक इस्लामी बँकांत उशिराचा दंड घेऊन तो धर्मादायाला देतात. आपल्याला ते पैसे नकोच आहेत, आपल्याला दंडाची भीती हवी आहे.

आपल्या दीनने या बाबतीत काही कमी सांगितलेले नाही. मजुराची मजुरी घाम वाळण्याआधी देण्याची ताकीद सर्वांना माहीत आहे. ऐपत असताना देणे लांबवणे हा जुलूम आहे, असेही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. आणि कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, ही कोणत्या विषयावर आहे? उधारीच्या व्यवहाराची मुदत ठरवून तो लिहून ठेवण्यावर, साक्षीदारांसह. आमच्या शाळेत उस्ताद ही आयत शिकवताना म्हणत की व्यापाऱ्याच्या मुलांनी ती आधी समजून घ्यावी.

दवाखान्यांची बाजू साफ हवी

एकच बाजू लिहिली तर तो लेख नव्हे, निवेदन होईल. दावे तपासणाऱ्यांचा हात आखडण्याचे कारण दवाखान्यांनीही दिलेले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये भारताच्या महालेखापालांचा आयुष्मानवरचा अहवाल संसदेत मांडला गेला. साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले, मरण पावलेल्या रुग्णाच्या नावावर पुढेही उपचार दाखवलेले, असे प्रकार त्यात निघाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये अहमदाबादेतल्या एका खाजगी रुग्णालयात शिबिराच्या नावाखाली खेड्यातून आणलेल्या माणसांवर हृदयाचे उपचार केले गेले, दोघे दगावले, आणि गरज नसताना योजनेच्या पैशासाठी हे केले असा गुन्हा दाखल झाला. असे एक प्रकरण निघाले की शंभर प्रामाणिक डॉक्टरांच्या दाव्यांवर शंकांचा पाऊस पडतो. बाजारात एक पार्टी बुडाली की सगळ्यांची उधारी आखडते, तसेच.

म्हणून प्रामाणिक दवाखान्याने आपले कागद असे ठेवावेत की शंका काढणाऱ्याला जागा मिळू नये. आमच्या पाहण्यात आलेल्या लहान दवाखान्यांत हे काम बहुधा रिसेप्शनच्या मुलीवर सोपवलेले असते. तीच फोन घेते, तीच रुग्णाला नंबर देते, तीच रात्री आठ वाजता दावे चढवते. दोन-तीन दवाखान्यांनी मिळून या कामासाठी एक जाणता माणूस ठेवला, तर त्याचा पगार दोन महिन्यांत निघून येईल. बी.कॉम. झालेली आपली कितीतरी मुले-मुली घरी बसून आहेत. हिशेब आणि संगणक दोन्ही येणाऱ्याला हे काम शिकायला फार वेळ लागत नाही. दवाखान्याकडेही दाव्यांची वयवार यादी हवी, १५ दिवसांची, ४५ दिवसांची, ९० दिवसांची, जशी आपण उधारीची ठेवतो. सात महिन्यांचे किती आणि शंकेतले किती हे डॉक्टरांनाच सांगता येत नसेल, तर अधिकाऱ्यापुढे बसून ते काय मागणार?

तक्रारीसाठी जिल्ह्यात तक्रार निवारण समिती आहे आणि दवाखान्यालाही तिच्यापुढे जाता येते. ते फक्त रुग्णासाठी आहे असा गैरसमज आढळतो. एकट्या डॉक्टरने जाण्यापेक्षा गावातल्या सर्व योजनाधारक दवाखान्यांनी एकत्र जावे, आणि बरोबर औषध व कापड व्यापाऱ्यांच्या संघटनेचे पत्र न्यावे. आमच्या येण्यातलाही पैसा तेथे अडकला आहे, मग आम्ही का मागे राहावे? रुग्णाकडे कोणी अनामत मागितली तर त्याने आयुष्मानच्या १४५५५ किंवा फुले योजनेच्या १५५३८८ या क्रमांकावर फोन करावा. डॉक्टरची अडचण कितीही खरी असली तरी ती कार्डवाल्याच्या खिशातून भागवता येणार नाही.

आणि आणखी एक साधे काम कोणताही वाचक करू शकतो. आपल्या जिल्ह्यात मंजूर होऊनही ४५ दिवसांहून जास्त काळ न चुकवलेले दावे किती, त्यांची रक्कम किती, आणि राज्याचा हिस्सा कोणत्या तारखांना जमा झाला, हे तीन प्रश्न माहितीच्या अधिकाराखाली राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे विचारावेत. अर्जाची फी दहा रुपये आहे, आणि उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.